वनस्पती उद्यानांतील बीजविनिमय : परंपरा, शास्त्र आणि नोंदींचे महत्त्व

प्रस्तावना

वनस्पती उद्यान म्हटले की सामान्यतः शोभेची झाडे, काचगृहे आणि लॅटिन नावांच्या पाट्या डोळ्यांसमोर येतात. या दृश्य स्वरूपामागे उद्यानांचा एक फारसा प्रकाशात न आलेला व्यवहार गेली सुमारे साडेतीन शतके चालत आलेला आहे. एका उद्यानाने आपल्याकडील बी दुसऱ्या उद्यानास द्यावे, दुसऱ्याने आपल्याकडील बी पहिल्यास पाठवावे आणि या देवाणघेवाणीत पैशाचा संबंध येऊ नये, असा हा व्यवहार आहे. यालाच बीजविनिमय असे म्हणतात.

बीजविनिमयाने जगाच्या शेतीचा, व्यापाराचा आणि काही प्रमाणात साम्राज्यांचाही इतिहास घडविला. नामशेष होऊ घातलेल्या काही वनस्पती याच मार्गाने वाचल्या आणि काही उपद्रवी तणेही याच मार्गाने पसरली. प्रस्तुत लेखात या विनिमयाची पद्धत, त्याचा इतिहास, त्यामागील बीजशास्त्र आणि आजची कायदेशीर चौकट यांचा परिचय करून दिला आहे. बी टिकविणे हे तुलनेने सोपे काम असून बीसोबतची माहिती टिकविणे अधिक कठीण असते. बीजविनिमयाचे खरे मोल या माहितीवरच अवलंबून आहे, हे येथे प्रामुख्याने मांडावयाचे आहे.

बीजसूची व विनिमयाची पद्धत

विनिमयाचे मुख्य साधन म्हणजे बीजसूची. युरोपातील उद्यानांत ती ‘इंडेक्स सेमिनम’ या लॅटिन नावाने ओळखली जाते. हंगामात गोळा केलेल्या बियांची कुलवार यादी उद्यान तयार करते आणि साधारणतः वर्षातून एकदा ती इतर उद्यानांकडे पाठविते. पूर्वी ही यादी पुस्तिकेच्या स्वरूपात छापली जात असे. आता ती बहुधा संगणकीय स्वरूपात दिली जाते. यादी मिळाल्यावर दुसरे उद्यान हव्या असलेल्या बियांचे क्रमांक मागणीपत्रावर नोंदवून परत पाठविते. या मागणीपत्रास ‘डेसिडेराटा’ अशी जुनी संज्ञा आहे. मागणीप्रमाणे छोट्या पाकिटांतून बी रवाना होते. एका उद्यानाने किती पाकिटे मागावीत यावर बहुधा मर्यादा असते आणि ‘साठा असेपर्यंत’ ही अट गृहीत धरलेली असते.

चांगल्या बीजसूचीत नावाइतकेच महत्त्व बीच्या मूळ स्रोतास असते. उद्यानांच्या नोंदपद्धतीत याचे चार प्रकार मानले जातात. पहिला प्रकार म्हणजे निसर्गातील झाडावरून थेट गोळा केलेले बी. दुसरा, निसर्गातून आणलेल्या व ज्ञात मूळ असलेल्या वनस्पतीपासून उद्यानात तयार झालेले बी. तिसरा, केवळ लागवडीतील वनस्पतीचे बी. आणि चौथा, ज्याचे मूळच ज्ञात नाही असे बी. पेरणाऱ्याला चारही पाकिटे सारखीच दिसतात. संशोधक आणि संवर्धक यांच्या दृष्टीने मात्र पहिल्या व चौथ्या पाकिटातील अंतर फार मोठे आहे.

ऐतिहासिक आढावा

आधुनिक वनस्पती उद्यानांचा आरंभ सोळाव्या शतकातील इटलीत झाला. पादुआ येथील उद्यान १५४५ मध्ये स्थापन झाले, तर नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाचे उद्यान १५९० चे आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पतींची ओळख करून देणे हा त्यांचा मूळ हेतू होता. लंडनमधील चेल्सी येथे औषधविक्रेत्यांच्या संघाने १६७३ मध्ये असेच उद्यान उभारले. लायडन उद्यानाचे प्रमुख पॉल हर्मन यांनी सिलोनमध्ये डच कंपनीचे वैद्य म्हणून काम करीत असताना तेथील वनस्पतींचा मोठा संग्रह केला होता. या हर्मन यांच्याशी चेल्सीचा संबंध आल्यानंतर १६८० च्या दशकात दोन्ही उद्यानांमध्ये बियांची देवाणघेवाण सुरू झाली. आंतरराष्ट्रीय बीजविनिमयाच्या आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. चेल्सीची ही परंपरा पुढील शतकांतही चालू राहिली.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत या व्यवहाराचे स्वरूप बदलले. कलकत्त्याचे उद्यान १७८७ मध्ये, जावातील बुइटेनझोर्ग म्हणजे आजचे बोगोर येथील उद्यान १८१७ मध्ये, सिलोनमधील पेराडेनिया १८२१ मध्ये आणि सिंगापूरचे उद्यान १८५९ मध्ये स्थापन झाले. मुंबई इलाख्यात पुण्याजवळील दापोडी येथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले आणि अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली त्याचा विस्तार झाला. ही उद्याने केवळ अध्ययनाची केंद्रे राहिली नाहीत. वसाहतींना किफायतशीर ठरतील अशी पिके एका खंडातून दुसऱ्या खंडात नेऊन रुजविणे हे त्यांचे मोठे कार्य झाले.

रबराचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून सुमारे ७०,००० रबर बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांपैकी सुमारे २,७०० बियाच रुजल्या. तयार झालेल्या रोपांपैकी बहुसंख्य रोपे त्याच वर्षी सिलोनला पाठविण्यात आली. पुढे आग्नेय आशियात रबराचे मळे उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्राझीलचा रबर-व्यापार कोसळला. ज्या प्रदेशाने बी दिले, त्याच्या वाट्याला या संपत्तीतील काहीही आले नाही.

सिंकोनाची कथा अधिक बोलकी आहे. या झाडाच्या सालीपासून हिवतापावरील क्विनाइन मिळते. परंतु सर्व झाडांत त्याचे प्रमाण सारखे नसते. कोणत्या झाडांची साल गुणकारी आहे याची पारख बोलिव्हियातील मानुएल इन्क्रा मामानी या स्थानिक संग्राहकास होती. त्यांनी जमविलेले बी चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यामार्फत युरोपात पोहोचले आणि १८६५ मध्ये त्याचा काही भाग डच सरकारने विकत घेतला. जावात त्यापासून उभ्या राहिलेल्या मळ्यांनी पुढे जगाच्या क्विनाइन-बाजारावर जवळजवळ एकाधिकार मिळविला. त्या झाडास लेजर यांचे नाव मिळाले. मामानी यांना मात्र या कामाबद्दल अटक झाली आणि त्यातच त्यांचा अंत ओढवला. बी प्रवासाला निघाले तेव्हा त्यामागील ज्ञान कोणाचे होते, याची नोंद पाकिटावर नव्हती. आजच्या जैवविविधता कायद्यांमागील अस्वस्थतेची मुळे अशा घटनांत आहेत.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९४१ मध्ये जपानी संशोधक शिगेरू मिकी यांनी जीवाश्मांवरून ‘मेटासिक्वोया’ या वृक्षाच्या प्रजातीचे वर्णन केले. तो कधीच नष्ट झाला असावा, अशी समजूत होती. त्याच दशकात मध्य चीनमध्ये या प्रजातीचे जिवंत वृक्ष आढळले आणि १९४८ मध्ये हू व चेंग या चिनी शास्त्रज्ञांनी त्यांचे शास्त्रीय नामकरण केले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानाचे एल्मर मेरिल यांनी बी गोळा करण्यासाठी चिनी सहकाऱ्यांना २५० डॉलर पाठविले. जानेवारी १९४८ मध्ये बी बोस्टनला आले आणि अल्पावधीतच शेकडो पाकिटे जगभरच्या उद्यानांकडे व संस्थांकडे विनामूल्य रवाना झाली. मर्यादित क्षेत्रात शिल्लक राहिलेला हा वृक्ष आज अनेक देशांत उभा आहे. बीजविनिमयाची जागतिक यंत्रणा अगोदरपासून अस्तित्वात होती म्हणूनच हे इतक्या त्वरेने घडू शकले.

बी टिकण्याचे शास्त्र

टपालाने पाठविलेले बी जिवंत पोहोचेल काय, हा विनिमयातील पहिला व्यावहारिक प्रश्न होय. बियांचे या दृष्टीने दोन मुख्य वर्ग केले जातात. काही बिया वाळविल्या तरी मरत नाहीत. उलट कोरडेपणा व थंडी यांमुळे त्यांचे आयुष्य वाढते. ज्वारी, मूग, बाभूळ यांचे बी या प्रकारात मोडते. अशा बियांसाठी हॅरिंग्टन यांचा ठोकळ नियम सांगितला जातो : ठरावीक मर्यादेत बीतील आर्द्रता दर १ टक्क्याने कमी केली किंवा साठवणीचे तापमान दर ५ अंश सेल्सिअसने उतरविले, तर बीचे आयुष्य दुप्पट होते. दीर्घकालीन बीजपेढ्यांत बी थंड व कमी आर्द्रतेच्या हवेत वाळवून हवाबंद डब्यांत उणे २० अंश तापमानास ठेवतात. अनुकूल परिस्थितीत बी किती काळ तग धरू शकते याचे विलक्षण उदाहरण इस्राएलमधील मसादा येथील आहे. तेथील उत्खननात मिळालेले सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये रुजविण्यात आले.

दुसऱ्या वर्गातील बियांना वाळवणे सोसत नाही. फणसाची आठळी, आंब्याची कोय, जांभूळ, कोकम, चहा आणि रबर ही त्याची उदाहरणे होत. या बिया ओलसर असतानाच पेराव्या लागतात. वाळल्या की त्यांतील गर्भ मरतो. विकहॅम यांच्या ७०,००० बियांपैकी इतक्या थोड्या का रुजल्या, याचे उत्तर येथे मिळते. अशा वनस्पतींसाठी एकोणिसाव्या शतकात नॅथानिएल वॉर्ड यांनी तयार केलेली काचेची बंद पेटी वरदान ठरली. पेटीतील ओलावा आतच राहत असल्याने जहाजावरील दीर्घ प्रवासातही रोपे जगत. चीनमधून चहाची रोपे भारतात आणताना रॉबर्ट फॉर्च्यून यांनी या पेट्यांचाच उपयोग केला. सह्याद्रीच्या सदाहरित वनांतील अनेक वृक्षांचे बी याच दुसऱ्या वर्गातील आहे. बीजपेढी हा प्रत्येक वनस्पतीसाठी पर्याय नव्हे, ही गोष्ट आपल्याकडील संवर्धनाचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागते.

टोरोमिरो : एका झाडाच्या बियांची कथा

बीजविनिमयाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा या दोहोंचे एकत्र दर्शन घडविणारे उदाहरण म्हणजे टोरोमिरो. शिंबावंत कुलातील हा लहान वृक्ष प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरच आढळत असे. वृक्षतोड आणि चरणारी जनावरे यांमुळे तो घटत गेला आणि शेवटी रानो काऊ ज्वालामुखीच्या विवरात एकच झाड उरले. १९५५-५६ च्या मोहिमेत थोर हेयरडाल यांनी त्या झाडाचे बी युरोपात नेले. स्वीडनमधील गोथेनबर्ग वनस्पती उद्यानात ते रुजले. १९६० च्या सुमारास बेटावरील ते अखेरचे झाडही नाहीसे झाले. त्यानंतर ही जाती केवळ उद्यानांत जिवंत राहिली.

गोथेनबर्गच्या झाडांपासून मिळालेले बी व रोपे इतर उद्यानांकडे गेली. चिलीमध्ये स्वतंत्रपणे जतन झालेली काही झाडेही होती. कालांतराने ‘टोरोमिरो’ अशी पाटी असलेली झाडे अनेक ठिकाणी दिसू लागली. मात्र १९९० च्या दशकात या सर्व झाडांची एकत्रित तपासणी झाली, तेव्हा त्यांतील कित्येक झाडे टोरोमिरो नसून त्याच प्रजातीतील अन्य जातींची किंवा संकरित असल्याचे आढळले. जी खरी होती, त्यांचीही आनुवंशिक विविधता अत्यंत अल्प होती. बेटावर पुन्हा लागवड करण्याच्या त्या दशकातील प्रयत्नांतून स्वतःहून वाढणारी संख्या उभी राहू शकली नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. मूठभर बियांची देवाणघेवाण झाली नसती, तर ही जाती आज पृथ्वीतलावर नसती, हा पहिला. दुसरा असा की, पाकिटाबरोबर मूळ झाडाची खात्रीची नोंद प्रत्येक टप्प्यावर गेली असती, तर खऱ्या-खोट्याची निवड करण्यासाठी इतका काळ व श्रम खर्ची पडले नसते.

चुका कोठे होतात?

उद्यानात एकाच प्रजातीच्या अनेक जाती शेजारी शेजारी लावलेल्या असतात. निसर्गात ज्या जाती एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर असतात, त्या येथे एकाच वाफ्यात येतात आणि भुंगे व मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात. फळ मातृवृक्षाचे असले तरी बी संकराचे असू शकते. म्हणून मुक्त परागीभवनाने तयार झालेल्या उद्यानातील बीवर पूर्ण विसंबता येत नाही.

दुसरी अडचण नावांची. अभ्यास पुढे सरकतो तशी शास्त्रीय नावे बदलतात. महाराष्ट्राच्या कड्यांवर उगवणारी, शिवनेरी-जुन्नर परिसराशी निगडित असलेली दुर्मीळ शिंदळ माकुडी हे याचे घरचे उदाहरण आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या सन्मानार्थ तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव देण्यात आले. नंतरच्या वर्गीकरणात ती ‘कॅरालुमा’ आणि ‘बुसेरोसिया’ या प्रजातींत गेली. तीन उद्यानांच्या याद्यांत ही एकच वनस्पती तीन नावांनी आली, तर अनभिज्ञ वाचक त्या तीन जाती समजेल. नोंद क्रमांक आणि संग्रहस्थान दिलेले असेल, तर हा घोटाळा टळतो. कारण नाव बदलले तरी स्थळ व दिनांक बदलत नाहीत.

तिसरी अडचण नमुन्याच्या व्याप्तीची. एका झाडाचे हजार बी आणि पन्नास झाडांचे प्रत्येकी वीस बी यांची संख्या सारखीच असली, तरी त्यांतील आनुवंशिक विविधता सारखी नसते. म्हणून बीजपेढ्यांसाठी शक्यतो ५० किंवा अधिक झाडांवरून बी घ्यावे आणि त्या दिवशी उपलब्ध असलेल्या पक्व बीपैकी २० टक्क्यांहून अधिक घेऊ नये, असा संकेत पाळला जातो. यातील दुसरा भाग निसर्गातील पुढील पिढीच्या रक्षणासाठी आहे.

चौथा धोका अधिक व्यापक आहे. आपल्या माळरानांवर व जंगलांच्या कडेने माजलेली घाणेरी ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कुंपणाची शोभिवंत वनस्पती म्हणून ती कलकत्त्याच्या उद्यानात आली आणि पुढे पक्ष्यांनी तिचे बी देशभर नेले. फिलिप ह्यूम यांनी २०११ मध्ये केलेल्या आढाव्यात, जगातील सर्वांत उपद्रवी गणल्या गेलेल्या ३४ आक्रमक वनस्पतींपैकी निम्म्याहून अधिक जातींच्या आरंभीच्या लागवडीशी किंवा प्रसाराशी वनस्पती उद्यानांचा संबंध असल्याचे दाखवून दिले. त्यामुळे अनेक उद्याने आता अशा जाती बीजसूचीतून वगळतात.

कायद्याची चौकट

१९९२ मध्ये रिओ येथे मान्य झालेला आणि डिसेंबर १९९३ मध्ये अमलात आलेला जैवविविधता करार हा या क्षेत्रातील निर्णायक टप्पा होय. वनस्पतिसंपदा ही सर्व मानवजातीची सामाईक ठेव आहे, या जुन्या धारणेच्या जागी प्रत्येक राष्ट्राचा आपल्या जैविक संपदेवर सार्वभौम अधिकार आहे, हे तत्त्व आले. २०१० चा नागोया मसुदा ऑक्टोबर २०१४ मध्ये अमलात आला आणि लाभाच्या न्याय्य वाटपाचे नियम अधिक स्पष्ट झाले.

या बदलास अनुसरून जर्मन भाषक देशांतील उद्यानांनी पुढाकार घेऊन ‘आंतरराष्ट्रीय वनस्पती विनिमय जाळे’ उभारले. ते ‘आयपेन’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. यातील सभासद उद्याने एका आचारसंहितेस बांधील असतात आणि आपसांतील विनिमय केवळ अव्यापारी हेतूने करतात. प्रत्येक नमुन्यास चार घटकांचा क्रमांक दिला जातो : मूळ देशाची दोन अक्षरे, वापरावर विशेष निर्बंध आहे की नाही हे दर्शविणारा एक किंवा शून्य, प्रथम नोंद करणाऱ्या उद्यानाची संक्षिप्त खूण आणि त्या उद्यानातील नोंद क्रमांक. पुढे हे बी कितीही उद्यानांत फिरले, तरी क्रमांक तोच राहतो. व्यापारी उपयोग करावयाचा झाल्यास मूळ देशाची नव्याने संमती घ्यावी लागते. मामानी यांच्या पाकिटावर जे नव्हते, ते अंशतः तरी या क्रमांकात आले आहे.

भारतात जैविक विविधता अधिनियम २००२ लागू असून २०२३ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली. परदेशी व्यक्ती वा संस्थांना भारतातील जैविक संसाधने मिळविण्यासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता मिळालेल्या सहयोगी संशोधन प्रकल्पांस यात सवलत आहे. परदेशातून बी आणताना २००३ च्या वनस्पती आयातविषयक आदेशानुसार आयात परवाना आणि रोगकीडमुक्ततेचा दाखला आवश्यक असतो. त्यामुळे परदेशी मित्राने पाकिटात घालून पाठविलेले बी हा आता निव्वळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही.

या नियमांमुळे विनिमय मंदावतो, अशी तक्रार संशोधकांकडून होते आणि ती निराधार नाही. परंतु विश्वास गमावलेल्या क्षेत्रात नियम येणे अटळ असते. ज्या उद्यानाच्या नोंदी चोख आहेत, त्यास नियमांचा जाच तुलनेने कमी होतो. कारण नियम जे विचारतात, ते त्याने अगोदरच लिहून ठेवलेले असते.

महाविद्यालयीन उद्यानांची भूमिका

आपल्याकडे वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या अनेक महाविद्यालयांत लहानसे उद्यान असते. त्यातील झाडांवर नावाच्या पाट्या असतात. पण ते झाड कोठून, कधी व कोणी आणले याची नोंद क्वचितच सापडते. ज्यांनी ते लावले ते प्राध्यापक निवृत्त झाले की ती माहितीही त्यांच्याबरोबर जाते. अशा झाडाचे बी दुसऱ्या संस्थेस दिले, तर ते वर उल्लेखिलेल्या चौथ्या प्रकारातील, म्हणजे अज्ञात मूळ असलेले बी ठरते.

यावर उपाय खर्चिक नाही. एक नोंदवही, तीत क्रमवार नोंद क्रमांक, संग्रहाचे गाव व तालुका, उंची, अधिवास, दिनांक, संग्राहकाचे नाव, स्थानिक नाव व ते सांगणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख, किती झाडांवरून बी घेतले त्याची संख्या आणि त्याच झाडाचा दाबून वाळविलेला नमुना एवढी सामग्री पुरेशी आहे. पदवी वर्गातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हे काम सहज होऊ शकते. त्याचबरोबर जिल्ह्यातील दोन-चार महाविद्यालयांनी स्थानिक वनस्पतींच्या बियांची संयुक्त सूची काढल्यास विद्यार्थ्यांना बीजसंग्रह, अंकुरण-चाचणी आणि वर्गीकरण यांचे प्रत्यक्ष शिक्षण मिळेल. बी गोळा करण्यापूर्वी वनखात्याची व स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीची परवानगी किंवा संमती कोठे आवश्यक आहे, हे पाहणे हाही त्या शिक्षणाचाच भाग मानावा.

समारोप

बीजविनिमय हा उद्यानांमधील परस्परविश्वासावर उभा असलेला व्यवहार आहे. त्याने मेटासिक्वोयासारखा वृक्ष जगभर नेला आणि टोरोमिरोला नामशेष होण्यापासून वाचविले. रबर व सिंकोना यांच्या इतिहासात त्याची अन्याय्य बाजू दिसली, तर घाणेरीच्या रूपाने त्याचा निष्काळजीपणाही आपण अनुभवीत आहोत. या सर्व उदाहरणांत बी टिकले. प्रश्न निर्माण झाले ते बीसोबतच्या माहितीच्या अभावामुळे किंवा ती दडपल्यामुळे. शीतगृह, निर्वात डबे आणि परवाने यांची व्यवस्था मोठ्या संस्था करू शकतील. ‘हे बी कोठले, कोणाचे आणि किती झाडांचे’ हे त्याच दिवशी लिहून ठेवणे मात्र लहानात लहान महाविद्यालयीन उद्यानासही शक्य आहे, आणि पुढील पिढीच्या संशोधकास आपल्या पाकिटाचा उपयोग होईल की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.